आगीभोवती हलके, धुराभोवती जड: न्हाणीच्या चुलाण्यातून खोलीला ऊब

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या सीमाभागात घर तापविण्यासाठी वेगळे साधन बाळगण्याची पद्धत नाही, आणि येथील हवामान पाहता तशी गरजही वर्षातील थोड्याच काळापुरती असते. तरीही खानापूर तालुक्यातील जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात भिंती आठवडेच्या आठवडे ओलसर राहतात, कपडे वाळत नाहीत, आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे वयस्कर माणसांना अंथरुणातून उठवत नाही. याच घरांत रोज सकाळी न्हाणीत पाणी तापविण्यासाठी लाकूड जळत असते आणि त्याची बहुतेक उष्णता कौलांच्या फटींतून निघून जाते. म्हणून स्वस्तात ऊब हवी असेल तर नवे यंत्र शोधत बसण्यापेक्षा हे चुलाणेच नीट बांधावे, असे माझे मत आहे.

आधी हिशोब पाहावा. साठ लिटर पाणी २० अंशांवरून ४५ अंशांवर नेण्यास सुमारे ६.३ मेगाज्यूल उष्णता लागते. हवेवर वाळलेले एक किलो लाकूड साधारण १५ मेगाज्यूल उष्णता देते. म्हणजे सगळी उष्णता पाण्यात उतरली असती तर अर्धा किलोदेखील जळण लागले नसते. प्रत्यक्षात तीन दगडांच्या उघड्या चुलीवर उष्णतेचा दहावा ते सातवा हिस्साच भांड्यात पोचतो, त्यामुळे तेच पाणी तापायला तीन ते चार किलो लाकूड जाते. बंदिस्त आणि नीट मापाच्या चुलाण्यात ३० टक्के उष्णता उपयोगी पडली तर दीड किलोच्या आत काम होते आणि उरलेल्या धुराची ऊब खोलीला देता येते.

लाकूड स्वतः फारसे जळत नाही. ते तापले की त्यातून वायू निघतात आणि ज्योत त्या वायूंची असते. हे वायू पूर्ण जळण्यासाठी साधारण ६०० ते ७०० अंशांच्या वरचे तापमान, पुरेशी हवा आणि थोडा वेळ लागतो. तापमान त्याखाली गेले की तेच वायू न जळता धूर होऊन बाहेर पडतात, म्हणजे डोळ्यांत जाणारा धूर हे वाया गेलेले जळणच असते. आपल्याकडील गवंडी चुलाणे बांधताना आगीभोवती जाड दगड-मातीची भिंत घालतात, कारण ‘जाड भिंत उष्णता धरते’. ती धरते हे खरेच, पण आगीकडून काढून घेऊन धरते; पहिला अर्धा तास सगळे जळण भिंत तापविण्यात जाते आणि तोवर आग थंड राहून धुमसते. म्हणून आगीभोवती हलका, सच्छिद्र, उष्णता न शोषणारा थर द्यावा आणि जड वस्तुमान ज्वाला संपल्यानंतरच्या वाटेवर ठेवावे. १९८०च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत ओरेगॉन येथील अप्रोवेचो संशोधन केंद्रात लॅरी विनिआर्स्की यांनी मांडलेल्या ‘रॉकेट’ चुलीचे मर्म हेच आहे. आपल्या कर्नाटक राज्यापुरते बोलायचे तर बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत १९७४ मध्ये सुरू झालेल्या ‘अस्त्र’ या ग्रामीण तंत्रज्ञान उपक्रमातून निघालेल्या ‘अस्त्र ओले’ (कानडीत ओले म्हणजे चूल) या धुराड्याच्या चुलीनेही हवा आणि धूर यांच्या वाटा मोजूनमापून ठेवण्यावरच भर दिला होता.

गवंड्याला बोलावण्यापूर्वी अंगणात वीस-बावीस सुट्या विटा रचून अशा चुलीच्या आडव्या-उभ्या नळीचा नमुना करून पाहावा; आडव्या नळीत लाकडे जळतात आणि तिला जोडलेल्या उभ्या नळीतून ज्वाला वर हंड्याकडे जाते. आडव्या नळीचे तोंड आणि उभ्या नळीचा आतला पोकळ भाग, दोन्ही सुमारे १२ सेंटिमीटर चौरस ठेवावेत, आणि उभ्या नळीची उंची ३६ ते ४० सेंटिमीटर असावी. आडव्या तोंडात तळापासून ४ सेंटिमीटर उंचीवर लोखंडी पट्टीची फळी बसवावी. लाकडे फळीवर राहतात आणि फळीखालून येणारी हवा तापून निखाऱ्यांतून वर जाते. बहुतेक लोक या फळीखालीही लाकडे कोंबतात आणि मग चूल धुरते म्हणून तक्रार करतात. पाच-सात मिनिटांत नळी गुरगुरू लागली आणि वरच्या तोंडाशी धूर दिसेनासा झाला, तर मापे बरोबर आहेत असे समजावे.

पक्क्या बांधकामात आतील नळी कशाची करावी, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. साधा लोखंडी पाइप सोपा वाटतो, पण या तापमानात त्याचे पापुद्रे सुटून तो लवकरच सडतो. बेळगावच्या उद्यमबागेतील फौंड्र्यांना माल पुरविणाऱ्या दुकानांत फायर ब्रिक मिळते. ती आगीत टिकते, मात्र ती स्वतः जड असून उष्णता शोषते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. ती वापरायची असेल तर पातळ काप घ्यावेत. त्यापेक्षा मला कुंभाराकडून करून घेतलेल्या विटा अधिक पसंत आहेत. खानापूर परिसराला कौलांची आणि कुंभारकामाची परंपरा आहे, खादी-ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तेथेच आहे. तेव्हा माती आणि चाळलेला लाकडी भुसा मापाने निम्मे-निम्मे मिसळून थापलेल्या विटा भट्टीत भाजून देणारा माणूस सापडणे अवघड नाही. भाजताना भुसा जळून जातो, त्याच्या जागी बारीक छिद्रे राहतात आणि वीट हलकी होते. अशा विटांची नळी उभी करून तिच्याभोवती दहा सेंटिमीटर अंतरावर साध्या विटांची पेटी बांधावी आणि मधल्या पोकळीत कोरडी राख भरावी. भाताच्या तुसाची राख यासाठी उत्तम, कारण तिच्यात सिलिकाचे प्रमाण मोठे असते आणि ती अत्यंत हलकी असते. तूस जाळणाऱ्या चुरमुऱ्याच्या भट्टीवर किंवा भातगिरणीवर ती बहुधा मागितली की मिळते. राखेऐवजी वाळू भरू नये, कारण वाळू उष्णता ओढून घेते. सांध्यांना चिकणमाती आणि बारीक वाळूचा गारा लावावा. सिमेंट या उष्णतेत भुसभुशीत होऊन गळते.

भांड्याखालची फट सेंटिमीटरच्या हिशोबाने ठेवावी लागते, आणि नेमके तेच काम बांधताना अंदाजाने उरकले जाते. नियम असा की ज्वालेच्या वाटेचे क्षेत्रफळ कोठेही कमी होऊ नये आणि फार वाढूही नये. नळीचे क्षेत्रफळ १४४ चौरस सेंटिमीटर आणि तोंडाचा परीघ ४८ सेंटिमीटर असेल, तर तोंडाच्या कडेपासून हंड्याच्या बुडापर्यंत ३ सेंटिमीटर जागा हवी. हंड्याचे बूड गोलसर असल्याने मध्यभाग खाली येतो, म्हणून माप मध्यापासून घ्यावे. बुडाच्या कडेशी व्यास ४० सेंटिमीटर असेल तर परीघ सुमारे १२५ सेंटिमीटर होतो आणि हिशोबाने सव्वा सेंटिमीटरपेक्षाही कमी फट पुरते. काजळी धरते म्हणून दीड सेंटिमीटर ठेवावी. हंड्याभोवतीही तेवढीच फट ठेवून मातीचे कडे घालावे, म्हणजे तप्त वायू हंड्याला घासून वर येतो.

ज्यांच्याकडे तांब्याचा बंब आहे त्यांनी तो मोडीत काढू नये. बंबाचा दोष इतकाच की त्यातील आग पहिल्या क्षणापासून पाण्याने थंड ठेवलेल्या भिंतीला टेकलेली असते, त्यामुळे वायू जळण्याआधीच विझतात आणि मधली नळी काजळीने भरते. बंबाची जाळी काढून तो वर सांगितलेल्या उभ्या नळीवर बसवला, की ज्वाला खाली पूर्ण जळते आणि बंबाच्या नळीतून फक्त गरम वायू जातो. बंबाची मधली नळी अरुंद असेल तर खालचे चुलाणेही त्याच क्षेत्रफळाचे बांधावे लागेल, आणि बंबात पाणी नसताना आग कधीही घालू नये.

आता खोलीची ऊब. न्हाणी आणि निजायची खोली यांच्यामध्ये एकच भिंत असेल तर हंड्याभोवतून निघालेला धूर थेट धुराड्यात न सोडता त्या भिंतीलगतच्या कट्ट्यातून न्यावा. कट्ट्यातील वाट १५ सेंटिमीटर व्यासाची, अडीच मीटरपेक्षा लांब नसलेली आणि शक्यतो एकाच वळणाची असावी. येथे मात्र जडपणा हवा: चिरा, वीट आणि माती भरपूर वापरावी. तीनशे किलोंचा कट्टा २० अंशांनी तापला तर त्यात सुमारे ५ मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या हिशोबाने १.४ युनिट उष्णता साठते. यातून सगळे घर तापणार नाही. पण कट्ट्यालगत खाट असलेल्या माणसाला पुढचे काही तास ऊब मिळेल आणि वरच्या दोरीवरचे कपडे वाळतील. यापेक्षा जास्तीचे आश्वासन कोणी देत असेल तर त्याच्याकडे जळणाचा हिशोब मागावा.

धुराडे हा खर्चाचा मोठा भाग आहे आणि तेथे काटकसर करू नये. उंची निदान तीन मीटर आणि छपरापासून वर साठ सेंटिमीटर असावी. पत्र्याचा पाइप लाकडी वाशांपासून पंचेचाळीस सेंटिमीटर दूर ठेवावा. ॲस्बेस्टॉसचा सिमेंट पाइप तडकतो आणि त्याचे तंतू फुप्फुसांना घातक असतात. जस्ताचा मुलामा असलेला पाइप आगीजवळ लावू नये, कारण जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळते आणि त्याची वाफ विषारी असते. कट्ट्यापलीकडे धूर निवल्यावर असा पाइप चालतो. मात्र धूर १०० अंशांखाली निवू देऊ नये. तसे झाले तर पाण्याची वाफ आणि डांबरट काजळी सांध्यांतून गळू लागते, आणि मग कट्ट्यातील वाट आखूड करणे हाच उपाय उरतो. धुराड्याच्या पायथ्याशी झाकणाचे भोक ठेवावे: थंड सकाळी तेथे वर्तमानपत्राचा एक कागद पेटवला की ओढ सुरू होते, आणि काजळीही तेथूनच काढता येते.

जळण दोन ते चार सेंटिमीटर जाडीचे आणि किमान एक उन्हाळा वाळलेले हवे. ओल्या लाकडाच्या वजनात निम्मे पाणी असू शकते. ते उकळण्यात जाणारी उष्णता तशी मोठी नसते. खरे नुकसान हे की त्या पाण्याने आग थंड राहते आणि वायू न जळता निसटतात. उसाचे पाचट या तोंडात भरभर जळून संपते, त्याच्या विटा केल्या तरच ते उपयोगी पडते. चंदगड-खानापूरकडे काजूची टरफले स्वस्त मिळतात, पण त्यांतील तेलाचा धूर डोळ्यांना व घशाला झोंबतो आणि धुराडे चिकट करतो; ती घरात जाळू नयेत. गॅरेजमधील जळके ऑइल थेंबाथेंबाने जाळणाऱ्या बर्नरचे प्रयोग काही जण करतात. त्या तेलात जड धातू असतात आणि पाण्याचा अंश असल्यास ते उसळून पेट घेते, म्हणून घराशी त्याचा संबंध ठेवू नये.

एक किलो लाकडाला किमान पाच घनमीटर हवा लागते, प्रत्यक्षात दुपटीने, म्हणून न्हाणीची खिडकी उघडी असावी. निखारे धगधगत असताना धुराड्याची झडप पूर्ण बंद केली तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचतो, आणि त्याला रंग नसतो, वासही नसतो. बाळंतिणीच्या बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवण्याची जुनी रीत याच कारणाने जीवघेणी ठरू शकते. धुराड्याला जोडलेल्या कट्ट्याची ऊब तिच्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे.

बांधकाम दोन-तीन आठवडे सावलीत सुकू द्यावे आणि पहिले काही दिवस लहान आग घालावी. त्यानंतर तराजूवर जळण तोलून साठ लिटर पाण्याला किती लागते ते पाहावे. दोन किलोंच्या वर गेले तर आधी लाकडाची ओल तपासावी, मग हंड्याखालची फट मोजावी आणि शेवटी पेटीतील राख खचली आहे का ते पाहून ती वरून भरावी.