आधी गट, मग रांग, मग ग्राफ

ग्राफ म्हटलं की आपण लगेच चौकटीची वही काढतो, पण चार-पाच वर्षांच्या मुलाचा पहिला ग्राफ जमिनीवरच व्हायला हवा, खऱ्या वस्तूंचा. आणि त्याच्याही आधी गट करणं.

१०-१५ वस्तू घ्या, मोजे, चमचे, बाटल्यांची झाकणं, खेळण्यातल्या गाड्या, काहीही चालेल (मूल ३ वर्षांच्या आतलं असेल तर बटणं, मणी, छोटी झाकणं असलं बारीक काही नको, घशात अडकतं). सगळं समोर ओता आणि एवढंच म्हणा, "जे सारखं वाटतंय ते एकत्र ठेव बघू." रंगाने कर, आकाराने कर असं आधीच सांगू नका प्लीज, कारण नियम शोधणं हेच तर खरं काम आहे. लाल झाकणाशेजारी चमचा दिसला तरी हलवू नका, "हे इथे का ठेवलं?" एवढं विचारा. "दोन्ही वाजतात ना!" असं उत्तर आलं तर तो गट एकदम बरोबर आहे.

मग त्याच वस्तू परत मिसळून दुसऱ्या नियमाने लावायला सांगा. ३ वर्षांची मुलं इथे हमखास अडकतात, "आता आकाराने" म्हटलं, ते त्यांना कळलं, तोंडाने म्हणूनही दाखवलं तरी हात रंगानेच लावत राहतो. हा हट्ट नाही हो, नियम बदलणं साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी जमायला लागतं, तोवर थांबा.

आता ग्राफ. जमिनीवर खडूने सारख्या मापाचे चौकोन आखा, ३ रांगा पुरेत, सगळ्या एकाच रेघेपासून सुरू, एका चौकोनात एकच वस्तू. चौकोन अजिबात टाळू नका. ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं होतं की दोन रांगांत वस्तू तेवढ्याच असल्या तरी पसरून ठेवलेली रांग लहान मुलांना जास्त वाटते. चौकोन नसले तर ३ मोठ्या गाड्यांची रांग ५ झाकणांच्या पुढे जाते आणि मूल खात्रीने "गाड्या जास्त" म्हणतं.

"सगळ्यात जास्त काय?" हे पटकन जमतं. "किती जास्त?" हे अवघड, मुलं त्या रांगेतल्या सगळ्या वस्तू मोजून आकडा सांगतात. तेव्हा समोरासमोरच्या जोड्या लावायला सांगा, ज्यांना जोडी नाही त्या मोजायच्या, तेच उत्तर. इथे मला वाटतं भरपूर वेळ द्यावा, बाकी सगळं त्यामानाने सोपं आहे.

हे जमलं की वस्तू उचलून त्या जागी तिचं चित्र, काही दिवसांनी चित्राऐवजी नुसता रंगवलेला चौकोन, आणि मग कागद. प्रश्न मुलालाच ठरवू द्या, घरात कोणाला कुठला रंग आवडतो वगैरे. झालेला ग्राफ अशा माणसाला दाखवायला सांगा जो तेव्हा तिथे नव्हता. त्याला नुसतं बघून काही कळलं नाही की मूल स्वतःच रांगांखाली नावं लिहायला पळतं.