फ्लॅटमध्ये चवथ करताय? आधी माटोळीचं बघा

पणजीत फ्लॅटमध्ये चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, म्हटलं की पहिलं टेन्शन माटोळीचं. मूर्तीच्या वर फळं-पानं बांधून टांगतात ती ही लाकडी चौकट, स्लॅबला टांगणार कुठे? फॅनच्या हुकावर भार देऊ नका हां, चार मजबूत हुक ठोकून घ्या आणि तेही मूर्ती घरी यायच्या आधी, नाहीतर ड्रिलची सगळी धूळ बाप्पावर. सामान सकाळी लवकर जाऊन आणा, आयत्या वेळी भाव विचारूच नका. नारळ, सुपारीचा घोस, तोरिंजन, चिबूड असलं जड सगळं हुकांच्या जवळ, मधे कवंडळं, आंबाडे, आंब्याचे टाळे. बांधायला केवणीचे, म्हणजे रानझुडपाच्या सालीचे दोर घ्या, नायलॉनची गाठ सरकते. मूर्ती मातीचीच, पीओपीला गोव्यात बंदी आहे. नेवऱ्या (करंज्या) आधी तळून ठेवल्या तरी चालतं, पातोळ्या मात्र ताज्याच, हळदीच्या पानात.