वर्गाचा ब्लॉग आधी कागदावर काढा

वर्गाचा ब्लॉग सुरू करायचा म्हटलं की पहिला दिवस रंग आणि टेम्प्लेट निवडण्यात जातो. माझाही गेला होता. मुलांनी हौसेनं नोंदी लिहिल्या आणि प्रत्येकीखाली एकच शब्द आला: ‘छान’. महिनाभरात उत्साह ओसरला. आता तिसरीच्या वर्गात पहिले तीन आठवडे मी संगणक उघडतच नाही.

तोवर ब्लॉग कागदावर चालतो. प्रत्येकानं पाच-सहा ओळी लिहून पान बाकावर ठेवायचं, बाकीच्यांनी फिरत फिरत वाचून चिठ्ठी चिकटवायची. चिठ्ठीत दोन गोष्टी हव्यातच: वाचलेल्यातलं काय आवडलं ते आणि एक प्रश्न. ‘छान’, ‘मस्त’ला बंदी. एका मुलीनं लिहिलं होतं, ‘आमच्या मांजरीला पिल्लं झाली. मला आनंद झाला.’ संपलं! तिला चिठ्ठ्या आल्या: किती पिल्लं? डोळे उघडले का? मांजर हात लावू देते का? दुसऱ्या दिवशी तिनं कुणी न सांगता अकरा ओळी लिहून आणल्या. लाल शाईनं ‘सविस्तर लिही’ असं मी कितीदा लिहिलं असेल, त्यानं हे कधी झालं नव्हतं.

चिठ्ठ्या जमू लागल्या की मग खरा ब्लॉग. खातं एकच, शिक्षकाचं. स्वतःचं गूगल खातं सांभाळायला बहुतेक देशांत किमान 13 वर्षं वय लागतं, तेव्हा खोटी जन्मतारीख टाकून मुलांची खाती काढू नका. ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉग-सेवेवर कोणी वाचायचं ते ठरवता येतं, आणि तुम्ही मंजूर केल्याशिवाय कमेंट दिसणार नाही अशीही सोय आहे. दोन्ही सेटिंग्ज पहिल्या नोंदीआधीच लावा. पालकांची लेखी परवानगी घ्या. मुलांना टोपणनावं निवडू द्या. यात त्यांचा अख्खा तास जातो, जाऊ द्या.

चेहऱ्यांचे फोटो नकोत. चित्र, वही, कुंडीतलं रोप एवढं पुरे. मी एकदा रोपाचाच फोटो टाकला, तर मागच्या दप्तरावर एका मुलाचं पूर्ण नाव ठळक दिसत होतं. त्याच्या आईनं कळवलं तेव्हा कळलं. तेव्हापासून फोटो क्रॉप करून, कॅमेऱ्याचं लोकेशन बंद ठेवूनच.

टायपिंग जोडीनं. ज्याचं लेखन, त्यानं वहीतून मोठ्यानं वाचायचं, जोडीदारानं टाइप करायचं. वाचताना अडखळलं की लिहिणाऱ्यालाच उमगतं, इथं क्रियापद राहिलंय. शुद्धलेखनाच्या मी दोनच चुका दाखवते. सगळ्या दाखवल्या की मूल पुढच्या वेळी फक्त सोपे शब्द वापरतं. (आमच्या मुख्याध्यापकांना हे अजून पटलेलं नाही.)

आठवड्याला चार नोंदी, पाळीपाळीनं. बाकीच्यांनी कमेंट लिहायच्या. सगळ्यांनी एकदम लिहिलं तर वाचणार कोण? जमल्यास दुसऱ्या शाळेतला त्याच इयत्तेचा एक वर्ग वाचक म्हणून जोडून घ्या. अनोळखी मुलांना ‘आमची ती खेळाची जागा’ म्हणून भागत नाही. कुठली, केवढी, हे लिहावंच लागतं.

आणि सुट्टी लागण्याआधी कमेंट बंद करा. मंजुरीच्या रांगेत कमेंट पडून राहिली, तर ती पाठवणारं मूल रोज उघडून बघत बसतं.