सॉसेज भरायचं यंत्र घेण्याआधी

घरी सॉसेज करायचं ठरलं की बहुतेक जण पहिल्यांदा यंत्र किती लिटरचं आहे ते बघतात. माझा आग्रह आहे की सुरुवात केसिंगपासून, म्हणजे खिमा ज्यात भरतात त्या पातळ आवरणापासून करावी. खिमा कशात भरायचा ते ठरलं की केसिंग जिच्यावर चढवतात ती यंत्राची नळी ठरते आणि नळी ठरली की यंत्र ठरतं. आपल्याकडे इंदूरच्या मराठी घरांत तर हा मुद्दा आधीच मिटलेला बरा. खाता येणारी कोलॅजनची केसिंग बहुधा गाई-बैलांच्या कातड्यापासून होते आणि पाकिटावर ते ठळक लिहिलेलं असेलच असं नाही. घरात ते चालणार नसेल, तर मिठात मुरवून ठेवलेली मेंढीच्या आतड्याची केसिंग मागवा आणि ती कशाची आहे हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. सेल्युलोजची केसिंग वनस्पतीपासून होते, पण ती खाता येत नाही. सॉसेज शिजल्यावर सोलून टाकावी लागते.

मेंढीची केसिंग भरल्यावर साधारण १८ ते २४ मिलिमीटर जाड होते, डुकराची ३२ ते ३५. मेंढीच्या केसिंगसाठी बाहेरून १० ते १२ मिलिमीटरची नळी हवी. काही यंत्रांसोबत येणारी सर्वांत बारीक नळीसुद्धा याहून जाड असते. तिच्यावर ही केसिंग चढतच नाही, चढवायला गेलं तर फाटते. म्हणून दुकानात पट्टी घेऊन जा, आणि ऑनलाइन घेत असाल तर प्रत्येक नळीचं माप आधी विचारा. नळी शक्यतो स्टीलचीच घ्या.

घरातला चकलीचा सोऱ्या चालेल का, हे हमखास विचारलं जातं. चालत नाही, कारण केसिंग ओढून बसवायला त्याला लांब नळीच नसते. खिमा करायच्या यंत्राला नळी लावून भरता येतं, पण त्यातला स्क्रू खिमा पुन्हा रगडतो, खिमा गरम होतो, चरबी माखली जाते आणि शिजल्यावर सॉसेज कोरडं, भुरभुरीत लागतं. म्हणून हँडल फिरवून दट्ट्या खाली दाबणारं उभं यंत्रच घ्यावं. चारपाच माणसांच्या घराला २ ते ३ लिटरचं पुरतं. मोठं घेण्याचा मोह आवरा. खिमा भरायचा सिलिंडर जितका रुंद, तितकाच दाब आणायला हँडलवर जोर जास्त लागतो, आणि बारीक नळीतून भरताना तो हाताला चांगलाच जाणवतो. शिवाय दट्ट्या पोचत नाही तिथे, तळाशी आणि नळीत, थोडा खिमा उरतोच. थोडंच करायचं असेल तर तेवढंही वाया गेलेलं खटकतं.

गिअर धातूचे हवेत. घट्ट खिम्यापुढे प्लॅस्टिकचे दाते तुटतात. दट्ट्यात हवा बाहेर सोडणारा छोटा व्हॉल्व्ह आहे का ते बघा, नाहीतर अडकलेली हवा केसिंगमध्ये शिरते आणि प्रत्येक फुगा सुईने टोचत बसावं लागतं. दट्ट्याभोवतीचा रबरी वायसर सुटा मिळतो का, हेही विचारून ठेवा. स्टील ३०४ ग्रेडचं असल्याचं बिलावर येऊ द्या. चुंबक लावून खात्री होत नाही, कारण स्वस्तातलं २०२ स्टीलही चुंबकाला चिकटत नाही.

आता ओटा. यंत्र शिकंज्याने (क्लॅम्पने) घट्ट बसलं पाहिजे, आणि आपल्या ग्रॅनाइटच्या ओट्याला पुढून जाड पट्टी, खाली ट्रॉल्या, त्यामुळे शिकंज्याला पकड मिळत नाही. आधी मोजून बघा. जमत नसेल तर जाड लाकडी फळीवर यंत्र बोल्टने कसा आणि फळी टेबलाला आवळा. मोठे शिकंजे इंदूरच्या सियागंज बाजारात बघा.

मुहूर्त थंडीतला धरा, डिसेंबर-जानेवारीतली सकाळ उत्तम. मे महिन्यात पारा चाळिशीपार असताना हा उद्योग नको. खिमा ४ अंशांखालीच राहिला पाहिजे, म्हणून सिलिंडर आणि नळी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. तोवर केसिंग कोमट पाण्यात भिजत घाला आणि आतूनही पाणी सोडून धुवा. किलोला १८ ग्रॅम मीठ पुरे. चिकन असेल तर मांडीचं मांस कातडीसकट घ्या. निव्वळ छातीच्या मांसाचं सॉसेज कोरडं होतं. सुईचा थर्मामीटर मात्र यंत्राबरोबरच मागवा. चिकन आतून ७४ अंश आणि मटण ७१ अंश झाल्याशिवाय कुणाच्या ताटात वाढू नका, मुलांच्या तर नाहीच.

यंत्र घरी आल्यावर धुऊन पुसून पहिली फेरी उकडून कुस्करलेल्या बटाट्याची करा. बटाटा दट्ट्याच्या कडेने वर येऊ लागला तर वायसर सैल आहे. ही चाचणी परतीची मुदत संपण्याच्या आत उरकून घ्या.