अवकाशातला सूर्य बल्बसारखा दिसतोय? या चुका टाळा

"सर, सगळं करून पाहिलं, पण सूर्य पेटतच नाहीये." असा निरोप आणि सोबत ब्लेंडरची (थ्रीडी चित्रं करायच्या सॉफ्टवेअरची) फाईल, महिन्यातून दोनदा तरी येतेच. उघडून बघावं तर आत तेच. एक गोळा, त्याला पिवळं एमिशन (म्हणजे स्वतःचा उजेड), त्याची स्ट्रेंग्थ आठ-दहा, आणि ती कमी पडते म्हणून ग्लेअर नोड, म्हणजे तयार चित्रावर झळाळी चढवणारं साधन, पार टोकाला ओढलेला. दिसतो काय, तर धुक्यातला रस्त्यावरचा दिवा.

आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? अवकाशात हवा नाही, म्हणजे सूर्याभोवती झळाळी पसरायला तिथे काहीच नाही. कोरोना असतो, पण तो तबकडीच्या साधारण दशलक्षांश तेजाचा, खग्रास ग्रहणातच दिसणारा. फोटोत जी प्रभा दिसते ती भिंगात विखुरलेल्या प्रकाशाची. तबकडी प्रचंड तेजस्वी असते, म्हणून त्यातला किंचित अंश विखुरला तरी पुरतो. उन्हात धरलेल्या पांढऱ्या कागदापेक्षा सूर्याची तबकडी सुमारे 46,000 पट तेजस्वी असते. तुम्ही देता आठ पट, आणि उरलेलं ग्लेअरने भरून काढायला बघता.

दृश्यावर ऊन पाडतो तो सन लॅम्प, गोळा फक्त दिसण्यापुरता. मी सन लॅम्पची स्ट्रेंग्थ 3.14 ठेवतो, म्हणजे समोरून उजळलेला पांढरा कागद बरोबर 1 येतो. मग गोळ्याला 46,000. हा आकडा 16 बिट ईएक्सआरमध्ये (पांढऱ्याच्या कितीतरी वरचं तेजही साठवणाऱ्या फाईलमध्ये) मावतो, त्याची मर्यादा 65,504 आहे. गोळ्याची डिफ्यूज आणि ग्लॉसी (वस्तूंवरून परतणाऱ्या) किरणांतली दृश्यता बंद करायची, नाहीतर दुहेरी उजेड पडतो आणि वर पांढरे ठिपके उडतात ते वेगळेच. आता ग्लेअर जेमतेम लावा. थ्रेशोल्ड, म्हणजे ज्या तेजाच्या वर झळाळी लागते ती मर्यादा, दहाच्या वर न्या, म्हणजे पृथ्वीवरचे ढग ट्यूबलाईटसारखे चमकणार नाहीत. तपासायची माझी सवय सोपी आहे: एक्स्पोजर उणे 10 करायचं, म्हणजे चित्र सुमारे हजारपट अंधारं. सगळं काळं होऊनही तबकडी पांढरीच राहिली तर सूर्य खरा. तीही विझली तर परत गोळ्याकडे जा, ग्लेअरला हात लावू नका.

आता दुसरी चूक. ही मी स्वतः केली आहे, तीही चारचौघांत. एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी पृथ्वीच्या कडेआडून सूर्य वर येतो असा दहा सेकंदांचा शॉट केला होता. घाई होती, म्हणून 8 बिट पीएनजी काढल्या आणि प्रभा नंतर त्यांच्यावरच चढवली. माझ्या मॉनिटरवर झकास दिसत होतं. शाळेत पडदे ओढले, प्रोजेक्टर लावला, आणि भिंतीवर सूर्याभोवती कांद्याच्या चकतीसारखी वलयं उमटली. सूर्य सरकेल तशी तीही सरकायची. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "काका, सूर्यालाही शनीसारखी कडी असतात?" बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी लॅपटॉपकडे.

हिशेब साधा आहे. 8 बिटमध्ये प्रत्येक रंगाला 256 पायऱ्या. प्रभेचा अंधाराकडे उतरणारा भाग त्यातल्या शेवटच्या चाळीसेक पायऱ्यांत बसतो. तो हजार पिक्सेलांवर पसरला की एकेक पायरी 25 पिक्सेल रुंद, मग ती दिसणारच. तेव्हापासून रेंडर ईएक्सआरमध्येच, प्रभा त्याच्यावर, आणि सगळ्यात शेवटी हलकासा ग्रेन, म्हणजे बारीक दाणेदारपणा. ग्रेनने कडा मोडतात. व्हिडिओ शक्यतो 10 बिट. "फाईल फार मोठी होते" ही तक्रार माझ्याकडे आणू नका.

बाकीच्या चुका भराभर सांगतो.

सूर्य पिवळा करू नका. वातावरणाबाहेर तो पांढराच दिसतो. पृथ्वीच्या कडेच्या पातळ हवेतून दिसतानाच तेवढा तांबूस चालेल.

आकार. पृथ्वीजवळून सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश व्यापतो. 50 मिमी लेन्स, 36 मिमी सेन्सर आणि 1920 पिक्सेलांच्या चौकटीत तो 25 पिक्सेल भरतो. गुरूजवळ गेलात तर पाचच. परातीएवढा सूर्य काढायचा असेल तर कॅमेरा बुधाच्याही आत न्या.

त्याच चौकटीत झगझगीत सूर्य आणि मागे ताऱ्यांचा सडा, हे नको. चंद्रावर काढलेल्या अपोलोच्या फोटोंत आकाशात तारे दिसत नाहीत ते एक्स्पोजरमुळेच.

किरणांचे काटे हवेच असतील तर लेन्समधल्या छिद्राच्या पात्या मोजा. सहा पात्यांना सहा काटे, सात पात्यांना चौदा.

आणि ती फुकटातली तयार लेन्स फ्लेअरची (भिंगातल्या चमकेची) चित्रं. पी हळद नि हो गोरी! परवा एकाने पाठवलेल्या शॉटमध्ये सूर्य चंद्राआड पूर्ण गेला होता आणि फ्लेअर चंद्राच्या छाताडावर तशीच तळपत होती. म्हटलं, हे काय? तर म्हणे, "ती लेयर वर होती, सर."