पाण्याच्या बाटलीची क्रोशाची पिशवी: या चुका टाळा

आपल्याकडे क्रोशा बहुतेकींच्या हाती येतो तो तोरणावर नाहीतर ताटावरच्या रुमालावर. त्या कामावर कधी भार येत नाही. बाटलीच्या पिशवीत मात्र १ लिटर पाणी, म्हणजे १ किलो वजन, वर स्टीलच्या बाटलीचं आपलं वजन आणि चालताना बसणारे हिसके. रुमालाच्या सवयीनं विणलेली पिशवी दिसते सुरेख, पण महिन्याभरात गुडघ्यापर्यंत लोंबायला लागते. माझ्या पहिल्या पिशवीचं हेच झालं होतं, आणि मैत्रिणींनी दुरुस्तीला आणलेल्या पिशव्यांचंही बहुतेक दुखणं हेच.

सुरुवात दोऱ्यापासून. घरात उरलेली ॲक्रिलिक लोकर संपवायची म्हणून पिशवी करायला घेऊ नका. ती ताणली जाते आणि खांद्याला घासून तिच्यावर गोळे येतात. जाडसर सुती दोरा घ्या. ८ प्लायच्या (प्लाय म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप) दोऱ्याला मी ३.५ मिमीची क्रोशाची सुई वापरते. वीण सैल वाटली तर ३ मिमीवर या. रुमालात जी वीण कडक वाटेल, तीच इथे बरोबर असते. गडद लाल किंवा निळा दोरा असेल तर आधी एक छोटा तुकडा विणून धुऊन पाहा. थंड बाटलीला बाहेरून पाणी सुटतं आणि रंग थेट मुलांच्या पांढऱ्या शर्टावर उतरतो.

आता तळ, जिथे सगळ्यात जास्त उसवाउसव होते. मॅजिक रिंगमध्ये, म्हणजे ओढून आवळता येणाऱ्या दोऱ्याच्या कडीत, ६ मुके खांब (क्रोशातला आखूड, घट्ट टाका) घ्यायचे आणि प्रत्येक फेरीत, एका टाक्यात दोन विणून, ६ वाढवायचे: १२, १८, २४, ३०, ३६, ४२. तळ वाटीसारखा वर वळत असेल तर वाढवायचे टाके राहून गेलेत किंवा हात घट्ट आहे. कडेला झालरीसारख्या लाटा येत असतील तर टाके जास्त झालेत. कुठल्या फेरीत चुकलं ते मोजूनच कळतं, नजरेला फसू नका. गोल फिरत विणताना फेरी कुठे संपली ते दिसत नाही, म्हणून पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवा आणि दर फेरीला ती वर सरकवा. व्हिडिओ पाहून करत असाल तर आणखी एक खोच आहे. अमेरिकन पद्धतीत ज्याला सिंगल क्रोशे म्हणतात, म्हणजे आपला मुका खांब, त्यालाच ब्रिटिश पद्धतीत डबल क्रोशे म्हणतात. अमेरिकन डबल क्रोशे म्हणजे आपला साधा खांब, जो मुक्या खांबाहून उंच असतो. ही गल्लत झाली की आकडे बरोबर असूनही तळ भलताच मोठा होतो.

तळ केवढा ठेवायचा? बाटली त्यावर उभी करा. बाटलीचा काठ आणि विणीचा काठ जुळला की वाढवणं थांबवा. अजून एक फेरी असू दे, असा मोह होतो. तो आवरा, कारण भरलेली बाटली वीण आपोआप रुंदावते. माझ्या हाताला २३ सेंमी घेराच्या बाटलीसाठी ४२ टाके पुरतात आणि पिशवी बाटलीला धरून बसते. तिथून टाके न वाढवता सरळ वर विणायचं. सरळ चढायची पहिली फेरी टाक्याच्या फक्त मागच्या धाग्यात घातली की तळाची कड स्वच्छ दुमडते. मॅजिक रिंगचं टोक एकदाच ओवून कापू नका. एका दिशेनं ओवा, मग उलट दिशेनं ओवा. सगळं वजन त्या मधल्या छिद्रावर येतं आणि सुती दोरा सरकतो.

बाजूंना जाळी घालायला हरकत नाही, दोराही वाचतो. पण तळ आणि त्यावरच्या निदान ४ फेऱ्या भरीव ठेवा. जाळीत ५ साखळी टाक्यांच्या कमानी नकोत, ३ टाक्यांच्या पुरेत. मोठी कमान वजनानं खाली ओढली जाते आणि बाटली जाळीतून डोकावायला लागते.

खरी परीक्षा पट्ट्याची. मी एकदा ९० सेंमीचा पट्टा विणला, भरलेली बाटली घालून रात्रभर दाराच्या कडीला टांगली, सकाळी टेप लावली तर १०२! तेव्हापासून पट्टा आधी टांगायचा आणि मग लांबी ठरवायची, हा माझा नेम आहे. पट्टा ५-६ टाके रुंद असू द्या, बारीक साखळीची दोरी खांद्यात रुतते. विणून झाल्यावर दोन्ही कडांनी स्लिप स्टिचची (दोरा थेट ओढून घ्यायचा, उंची न देणारा टाका) एकेक ओळ फिरवा, ताण बराच कमी होतो.

पट्टा पिशवीच्या वरच्या काठाला दोन टाक्यांवर शिवला तर ते दोन टाके आधी फाटतात. वजन रोजचं असेल तर पट्टा एका बाजूनं खाली, तळाखालून आणि दुसऱ्या बाजूनं वर असा नेऊन शिवून टाका. मग बाटली पट्ट्यावर बसते, वीण फक्त तिला सावरते. पट्ट्याच्या जागा काढताना खालच्या टाक्यांच्या रेषेवर जाऊ नका. गोल विणीत टाके हळूहळू एका बाजूला कलत जातात. काठावरचे टाके मोजा: ४२ असतील तर दोन्ही बाजूंना बरोबर २१. नाहीतर बाटली तिरकी लटकते.

तोंडाशी टाके घटवून पिशवी अरुंद करू नका, बाटली आत जाणारच नाही. शेवटून दुसरी फेरी एक खांब, एक साखळी अशी घालून त्यातून नाडी ओवा. वाकल्यावर बाटली निसटणार नाही.

पावसाळ्यात सुती पिशवी ओली राहिली की कुबट वास धरते. रात्री बाटली बाहेर काढा आणि पिशवी आडवी, पंख्याखाली वाळत टाका. ओली पिशवी पट्ट्यानं टांगून वाळवली की तो पुन्हा लांबतो.