बीएमडब्ल्यू ई३० एम३ : मागच्या चाकांच्या अलाइनमेंटची सोय
ई३० एम३ या कारच्या मागच्या सेमी-ट्रेलिंग आर्मवर (मागचे चाक धरून तिरक्या अक्षावर वर-खाली हलणारा दांडा) कॅम्बर (चाकाचा उभ्या रेषेपासूनचा कल) किंवा टो (वरून पाहता चाक आत वा बाहेर किती वळले आहे ते) बदलण्याची सोय कारखान्याने दिलेली नाही. त्यामुळे गाडीची उंची कमी केली, की मागची चाके वरच्या बाजूने आत झुकतात, टो-इन (चाकांची पुढची बाजू आत वळणे) वाढतो आणि टायरची आतली कड झपाट्याने झिजते. यावरचा टिकाऊ उपाय म्हणजे सबफ्रेम (आर्म ज्या चौकटीला जोडलेले असतात ती) उतरवून तिच्या ब्रॅकेटमधील बोल्टची भोके कानशीने लांबट करणे आणि एक्सेंट्रिक बोल्टच्या (फिरवला की आर्म थोडा सरकवणाऱ्या बोल्टच्या) वॉशरला टेकू देणाऱ्या पट्ट्या वेल्ड करणे. वेल्डिंगपूर्वी स्वच्छ धातू दिसेपर्यंत रंग खरवडावा. येथे घाई मुळीच नको, कारण चाकाची दिशा याच सांध्यावर अवलंबून असते. आडव्या खाचेने (लांबट केलेल्या भोकाने) मुख्यतः टो, तर उभ्या खाचेने कॅम्बर बदलतो, परंतु एक हलवला की दुसराही थोडा सरकतोच, म्हणून टो शेवटी जुळवावा. आर्मच्या सांध्यातील रबरी बुश (बोल्टभोवतीच्या रबरी नळ्या) पिळले जाऊ नयेत यासाठी बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच पूर्ण आवळावेत.